उन्हातला रस्ता, तैलरंगात
प्रतिनिधी, गोंदिया

जगप्रसिद्ध चित्रकार सैयद हैदर रझा यांनी गोंदियात चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी केली होती, ही गोष्ट आज खुद्द गोंदियातही फार थोड्यांना ठाऊक असेल. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे २२ फेब्रुवारी १९२२ रोजी जन्मलेले, वनखात्यातील कर्मचाऱ्याचे हे चिरंजीव दमोहला शालेय शिक्षण आटोपून नागपूरच्या कलाशाळेत आले. तेथे बापूराव आठवले यांच्या हाताखाली ते रेखाटन शिकले आणि त्यानंतर पोटापाण्यासाठी गोंदियाला आले. त्या वेळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी) आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. सरकारी शिष्यवृत्ती मिळताच १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये रझांनी ही नोकरी सोडून मुंबई गाठली. मात्र तोवर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्ती परत गेली. सरकारने अकोल्याला शिक्षकाची जागा देऊ केली, ती त्यांनी नाकारली. एका ब्लॉक स्टुडिओत दिवसभर काम करायचे आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगवायचे, असा क्रम त्यांनी पत्करला.

रझांची ती मुंबईची चित्रे जलरंगात आणि अपारदर्शक गॉशमध्ये होती. तैलरंग त्यांच्या हातात खऱ्या अर्थाने खेळू लागले ते फ्रान्सला गेल्यानंतर. तरीही ‘उन्हातला रस्ता तैलरंगात कसा रंगवावा’ या प्रश्नाची चर्चा गोंदियातून सुरू करण्यास हे निमित्त पुरेसे आहे. दुसरे निमित्त गोंदियाच्या उन्हाचे आणि तिसरे येथील शेतात पिकणाऱ्या जवसाचे.

उन्हाचे गणित

उन्हाचे चित्र म्हणजे वस्तुतः सावलीचे चित्र. भिंतीवर पडलेले ऊन स्वतः रंगवता येत नाही. त्याच्या शेजारची सावली योग्य पडली की ऊन आपोआप दिसू लागते. म्हणूनच रस्ता रंगवण्यास बसण्यापूर्वी सूर्य कोठून कोठे जातो, हे चित्रकाराला माहीत असावे लागते.

गोंदिया शहर साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे येथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. दुसऱ्या वेळी आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते, पण मेमधील त्या दिवसांत भर दुपारी विजेच्या खांबाला सावलीच उरत नाही. रस्त्याचे चित्र काढण्यासाठी याहून वाईट वेळ नाही. घरांच्या दर्शनी भिंतींवर वरून खरवडल्यासारखा प्रकाश येतो, दोन्ही बाजू सारख्याच सपाट दिसतात आणि खोली नाहीशी होते. याउलट २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. म्हणजे त्या वेळी दहा फुटांच्या खांबाची सावली दहा फुटांचीच पडते. चित्रकाराला हवी असते ती ही तिरपी, लांब, ठाम कडांची सावली. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने या कामासाठी सर्वोत्तम होत.

आणखी एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. गोंदिया त्याच्या किंचितच पश्चिमेला असल्याने येथील खरी मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ९ मिनिटांच्या आसपास होते, तर मुंबईत ती १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास. मुंबईच्या चित्रकाराने ‘सकाळी नऊचे ऊन’ म्हटले की गोंदियाच्या विद्यार्थ्याने साडेआठ समजावे. डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी चारला बैठक मांडणाऱ्याच्या हाती तासाभराहून अधिक वेळ राहत नाही.

रस्त्याची दिशाही पाहावी. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रस्त्यावर सकाळी पश्चिमेकडील रांगेतली घरे उजळतात, संध्याकाळी पूर्वेकडील. पूर्व-पश्चिम रस्त्यावर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असल्याने उत्तर बाजूची दुकाने दिवसभर उन्हात आणि दक्षिण बाजूची दिवसभर सावलीत राहतात. नवशिक्याने हा दुसरा रस्ता निवडावा. सावल्या सरकतात, पण चित्राची मूळ विभागणी तीन-चार तास बदलत नाही.

पांढऱ्या नळीची मर्यादा

भर दुपारच्या मोकळ्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. रस्त्याच्या सावलीच्या बाजूला ती त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यावर येते आणि किराणा दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात काही शेकड्यांवर. म्हणजे डोळ्यांसमोरच्या दृश्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या जागेत काही शेकडा पटींचा फरक असतो. आता पॅलेटवर पाहा. नळीतल्या शुद्ध पांढऱ्या रंगावरून परत येणारा प्रकाश आणि काळ्यावरून येणारा प्रकाश यांत फार तर पंचवीस-तीस पटींचे अंतर असते. त्यामुळे दिसते तसे रंगवणे येथे केवळ अशक्य. शेकडा पटींचे अंतर तीस पटींत बसवावे लागते आणि काय गाळायचे, काय राखायचे हे ठरवावे लागते. उन्हाच्या चित्राचे सारे कौशल्य या निवडीत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

नवशिका येथे हमखास एक गोष्ट करतो. ऊन म्हणजे पांढरा, या समजुतीने तो उजळ भागात पांढरा ओततो. रंग फिका पडतो, खडूसारखा दिसतो आणि चित्रात ऊन येण्याऐवजी धुके येते. अनुभवी चित्रकार उजळ भाग किंचित खालच्या पट्टीत, पण रंगाने भरलेला ठेवतो. त्यात यलो ओकर, थोडासा कॅडमियम यलो, क्वचित लालसर छटा असते. निखळ पांढरा तो एखाद्या स्टीलच्या पिंपाच्या चकाकीसाठी किंवा उन्हात वाळत घातलेल्या धोतराच्या कडेसाठी राखून ठेवतो. कलाशाळांतून एक जुना नियम सांगतात, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. सावलीतील सर्वांत उजळ जागा ही उन्हातील सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच असावी. सावलीतली चुन्याची भिंत आपल्या मनाला पांढरी ‘माहीत’ असते. डोळे बारीक करून पाहिले तर ती उन्हातल्या राखाडी डांबरी रस्त्याहून काळोखी निघते.

सावलीचा रंग काळा नसतो, हे आता शाळकरी मुलालाही सांगितले जाते. पण मग तो सर्रास जांभळा करण्याची पद्धत पडली आहे, तीही तितकीच चुकीची. सावलीच्या जागी सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही. उरतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश आणि आसपासच्या उजळ वस्तूंवरून उसळून आलेला. म्हणून जमिनीवर, आकाशाकडे तोंड करून पडलेली सावली निळसर असते. तर छज्जाखालची, खाली पाहणारी पृष्ठे उन्हातल्या मातीच्या प्रतिबिंबाने तांबूस, उबदार दिसतात. कवेलूंचे उतरते छप्पर असलेल्या जुन्या घराच्या ओसरीत हा फरक फार सुंदर दिसतो. बाजारात त्यात आणखी भर पडते ती ताडपत्र्यांची. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या बाईंच्या टोपलीतले टोमॅटो लाल राहत नाहीत, ते जांभळट तपकिरी होतात. चित्रकाराने ते तसेच रंगवावेत. पाहणाऱ्याला ते टोमॅटोच वाटतील.

जवसाचे तेल

तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची अतिबारीक पूड आणि वाळणारे तेल. ते तेल बहुतांशी जवसाचे असते, ज्याला रंगाच्या दुकानात ‘लिनसीड’ म्हणतात. पूर्व विदर्भात धान उभे असतानाच बांधीत लाखोळी आणि जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत जुनी आहे. धान कापले की जमिनीतल्या उरल्या ओलीवर ही पिके येतात. जवसाची चटणी येथील जेवणात असतेच. युरोपातील चित्रकलेचा गेल्या पाचशे वर्षांचा डोलारा ज्या तेलावर उभा राहिला, ते याच निळ्या फुलाच्या झुडपाच्या बियांतून निघते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी जोडून पाहतो.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. पातळ थर काही दिवसांत स्पर्शाला कोरडा होतो. जाड थर आतून वाळायला महिने लागतात. यातूनच तैलचित्रणाचा मूळ नियम निघतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, कमी तेलाचे. वरचे अधिक तेलाचे व जाड. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला भेगा पडतात. गोंदियात वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात चित्र वाळण्यास अधिक वेळ घेते आणि कोंदट खोलीत कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, हेही येथील चित्रकाराने ध्यानात ठेवावे.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ जवसतेल स्वस्त असते, म्हणून विद्यार्थी ते वापरतात. ते दारे-खिडक्यांसाठी आहे. त्यात लवकर वाळण्यासाठी द्रव्ये मिसळलेली असतात आणि चित्र काही वर्षांत पिवळे-काळे पडते. घाण्याचे खाण्याचे तेलही उपयोगाचे नाही. चित्रासाठी शुद्ध केलेले तेलच घ्यावे. आणि एक सावधगिरीची सूचना, जी उन्हाळ्यात अधिकच महत्त्वाची आहे. जवसतेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर तेलाच्या वाळण्याच्या क्रियेत उष्णता साठते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. चिंध्या पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात.

बैठक

रस्त्यावर तैलरंगात काम करणे शक्य झाले ते एका साध्या शोधामुळे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली दाबून रंग काढता येईल अशी कथलाची नळी तयार केली. त्यापूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून ठेवत. नळी आली आणि फ्रान्समधले चित्रकार पेटी उचलून उन्हात गेले. रस्त्यांच्या चित्रांत त्यांच्यापैकी कामिय पिसारोचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८९७ मध्ये पॅरिसमधील एका हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी मोंमार्त्र बुलेव्हारची मालिकाच रंगवली. एकच रस्ता, कधी सकाळचा, कधी पावसातला, कधी रात्रीचा. गर्दीच्या रस्त्यावर काम करणाऱ्याला पिसारोंचा मार्ग आजही व्यवहार्य आहे. गोरेलाल चौकात इझल मांडून उभे राहण्यापेक्षा ओळखीच्या दुकानदाराच्या वरच्या मजल्यावरील खिडकी मागून घ्यावी. बघ्यांचा त्रास वाचतो, कॅनव्हास सावलीत राहतो.

कॅनव्हास सावलीत राहणे ही चैन नसून गरज आहे. उन्हात ठेवलेल्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग प्रत्यक्षाहून उजळ दिसतो, चित्रकार त्या भुलीने गडद रंग लावत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काजळलेले निघते.

प्रारंभी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर केवळ तीन छटांत, म्हणजे उजळ, मध्यम व गडद, असे लहान रेखाटन करावे. ते जमले नाही तर मोठे चित्र जमणार नाही, म्हणून येथे घाई करू नये. मग कॅनव्हासवर बर्न्ट सिएना किंवा ओकरचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हात फिरवावा. पांढऱ्या पृष्ठभागावर छटांचा अंदाज चुकतो आणि या उबदार तळाचे ठिपके पुढे सावल्यांमधून डोकावत राहिले तर ते चांगलेच दिसतात. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सावल्यांचे आकार आखून टाकावेत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. एकदा आखलेली सावली नंतर खऱ्या सावलीच्या मागे धावत बदलत बसू नये. तसे केले तर चित्राच्या एका भागात नऊ वाजलेले असतात आणि दुसऱ्यात अकरा. दीड-दोन तासांनी काम थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी यावे. तैलरंग ओला राहत असल्याने ही सवड मिळते. जलरंगात ती नाही. कोरड्या, तापलेल्या हवेत जलरंगाचा वॉश कडेला पोचण्यापूर्वीच सुकतो. एम. के. परांडेकर, सा. ल. हळदणकर, प्रल्हाद धोंड अशा आपल्या अनेक श्रेष्ठ निसर्गचित्रकारांनी जलरंगाला जवळ केले आणि पारदर्शक रंगात त्यांनी जे साधले त्याला तोड नाही. पण दुपारच्या उन्हाचा जाडपणा, भिंतीवर लिंपल्यासारखा बसलेला प्रकाश, हा तैलरंगाचाच प्रांत आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

रंग थोडे घ्यावेत. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ओकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि हवा असल्यास व्हिरिडियन एवढ्यांत कोणताही रस्ता होतो. काळा घरी ठेवावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून त्याहून जिवंत गडद रंग मिळतो. सावल्या पातळ व उजळ भाग जाड, असे लावले की प्रकाश चित्रातही पुढे येतो. माणसे शेवटी. सपाट रस्त्यावर उभ्या चित्रकाराला समोरच्या सर्व प्रौढांची डोकी जवळपास एकाच, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या, रेषेत दिसतात. लांबच्यांचे फक्त पाय आखूड होत वर सरकतात. एवढे पाळले की दोन फटकाऱ्यांचा माणूसही रस्त्यावर चालू लागतो. वरच्या खिडकीतून मात्र हा हिशेब बदलतो, आणि माणसे रेषेच्या खाली विखुरतात. धानाच्या मळणीच्या दिवसांत हवेत धूळ असते. लांबच्या इमारतींच्या सावल्या त्यामुळे फिक्या होतात. त्या तशाच ठेवाव्यात.

इंदूर, मुंबई, काञ

मराठी चित्रकारांत उन्हाचा असा अभ्यास सर्वांत निष्ठेने झाला तो इंदूरला. द. दा. देवळालीकर यांनी १९२७ च्या सुमारास तेथे कलाशाळा उभी केली आणि विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर काढले. ना. श्री. बेंद्रे, मनोहर जोशी, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी ही त्याच परंपरेतील नावे. मोकळ्या, तुटक फटकाऱ्यांनी आणि शुद्ध रंगांनी माळव्यातले ऊन त्यांनी पकडले. मकबूल फिदा हुसेन यांचेही प्रारंभीचे शिक्षण तेथलेच.

मुंबईत रझांना घडवण्यात परदेशी जाणकारांचा वाटा मोठा होता. व्हिएन्नाहून आलेले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला-संचालक असलेले वॉल्टर लँगहॅमर स्वतः भडक, जाड तैलरंगांत काम करीत; त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी रझांच्या चित्रांची दखल घेतली. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह रझांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यातील हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे, विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी लहान शहरांतील घरांच्या रांगा चौकोनी रंगखंडांत बांधल्या. विदर्भात त्यांची आठवण रझांइतकीही निघत नाही, हे खेदजनक आहे.

१९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांची चित्रे पाहून सांगितले की यात रचनेची, बांधणीची उणीव आहे. सेझानचा अभ्यास करा. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले. दक्षिण फ्रान्समधील काञ या डोंगरगावावरचे त्यांचे १९५१ चे चित्र पाहण्यासारखे आहे. घरे सुबक, कापून ठेवल्यासारखी; रस्त्यावर माणूस नाही आणि आकाशात सूर्य आहे तो काळा. पुढे त्यांनी सुरीने जाड तैलरंग थापत गावांची छपरे, चर्चचे मनोरे रंगवले आणि १९५६ मध्ये फ्रान्समधील समीक्षक पुरस्कार मिळवला. तो मिळालेले ते पहिले परदेशी चित्रकार. त्यानंतरचा काळ्या बिंदूपर्यंतचा प्रवास सर्वश्रुत आहे. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी.

चित्रकला शिक्षकाची जागा

महाराष्ट्रातील शाळकरी मुले चित्रकलेची ओळख करून घेतात ती कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतून. त्यात स्मरणचित्राचा एक विषय असतो आणि बाजार, रस्ता, उत्सव ही दृश्ये त्यात वारंवार येतात. मुले माणसे काढतात, दुकाने काढतात, झाडे काढतात. सावली मात्र बहुधा काढत नाहीत. शिकवण्यासाठी कोणी त्यांना रस्त्यावर नेलेले नसते. तैलरंगाची नळी तर कलामहाविद्यालयात गेल्यावरच हाती येते आणि त्यासाठी गोंदियाच्या मुलाला आजही, रझांच्या काळाप्रमाणेच, नागपूरकडे पाहावे लागते.

ज्या नोकरीवर रझा येथे आले होते, तिची अवस्था आता वेगळी आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने कला, क्रीडा व कार्यानुभव या विषयांसाठी उच्च प्राथमिक शाळांत ‘अतिथी निदेशक’ नेमण्याचा निर्णय काढला. त्यांचे मानधन ठरवण्यात आले ते एका तासिकेला ५० रुपये.